नृत्याच्या मानवशास्त्रावर प्रबंध लिहिताना या चुका टाळा

पदव्युत्तर स्तरावर नृत्याचा मानवशास्त्रीय अभ्यास करू पाहणारे अनेक विद्यार्थी स्वतः नृत्य शिकलेले असतात, आणि अंगात मुरलेली ही तालीम जितकी उपयोगी, तितकीच वाट चुकवणारी ठरू शकते. कथक शिकलेल्याच्या टिपणांत 'तिहाई' आणि 'अभिनय' हे शब्द नकळत उतरतात, मग समोर काहीही चाललेले असो.

सर्वांत खोलवरची चूक याच्याही आधी घडते. प्रत्येक समाजात 'नृत्य' नावाचा स्वतंत्र कप्पा असतोच, असे आपण गृहीत धरतो. पॅसिफिकमधील टोंगा या बेटांच्या देशात दीर्घकाळ क्षेत्रकार्य केलेल्या मानवशास्त्रज्ञ अ‍ॅड्रिएन केप्लर यांनी नेमके हेच गृहीतक तपासले. तेथील 'लाकालाका' या प्रकारात स्त्री-पुरुष रांगांत उभे राहून रचलेले काव्य गातात आणि हातांच्या हालचालींतून त्यातील शब्दांकडे सूचकपणे निर्देश करतात. काव्य वगळून केवळ हालचाली टिपल्या, तर अभ्यासविषयच हातचा जातो. आपल्याकडेही फुगडी घालतात, लेझीम खेळतात, गोंधळ घालतात, आणि तारप्याच्या सुरावर मात्र नाचतात. प्रश्नावलीत सरसकट 'नृत्य' लिहिले की हा भेद पुसला जातो. तसे झाले असेल, तर मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांकडे परत जावे आणि लोकांनी वापरलेली क्रियापदे आधी वेगळी काढावीत. माझ्या मते प्रकरणांची मांडणीही त्यांवरूनच ठरवावी.

'शास्त्रीय' आणि 'लोक' ही विभागणी तयार मापासारखी वापरणे ही दुसरी चूक. बॅले हेही एका विशिष्ट संस्कृतीचेच नृत्य आहे, हे मानवशास्त्रज्ञ जोअ‍ॅन केआलिइनोहोमोकू यांनी १९७० च्या सुमारास ठामपणे मांडले. देवदासींच्या 'सदिर' या नृत्याचे भरतनाट्यम् कसे झाले, त्यात देवदासींच्या हातून काय निसटले, हा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला 'शास्त्रीय' हा शब्द निरागसपणे वापरता येणार नाही.

चित्रीकरण आहेच म्हणून टिपणे न लिहिणे ही चूक वरवर किरकोळ वाटते. बैठकीच्या लावणीत कॅमेरा कलावंतिणीच्या चेहऱ्यावर खिळला, तर दौलतजादा करणारा हात, फर्माईश आणि साथीदारांचे इशारे चौकटीबाहेर राहतात. ही त्रुटी नंतर भरून काढायची असेल, तर तेच चित्रण कलावंतिणींसोबत बसून, त्यांच्या संमतीने, पुन्हा पाहावे आणि त्या जिथे थांबायला सांगतील तिथे थांबून टिपण घ्यावे.