चित्रकाराची पत्रे साहित्य म्हणून कशी वाचावीत

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रे हाती घेणारा वाचक बहुधा चित्रांच्या वाटेने पत्रांकडे आलेला असतो, आणि म्हणून तो पत्रात चित्रांचे खुलासे शोधू लागतो. हे चित्र कधी काढले, हा रंग कशासाठी घेतला, त्या दिवशी मनाची अवस्था काय होती, एवढे सापडले की तो पान उलटतो. अंबाजोगाईला मराठी शिकवत असताना मी ही पत्रे पहिल्यांदा वाचली तीही अशीच, पेन्सिल हातात घेऊन आणि फक्त चित्रांच्या उल्लेखांखाली रेघा ओढत. काही वर्षांनी तीच प्रत पुन्हा उघडली, तेव्हा ज्या ओळींखाली एकही रेघ नव्हती त्याच ओळींपाशी मी थांबत गेलो. आता दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण घरी बसून चित्रकारांची पत्रे मोठ्याने वाचतो. त्या बैठकांत जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती इथे मांडतो.

पहिली सूचना अशी की सगळी पत्रे वाचण्याचा संकल्प करू नये. व्हिन्सेंटचा उपलब्ध पत्रव्यवहार ९०२ पत्रांचा आहे. त्यांपैकी ८१९ त्याने लिहिलेली आणि ८३ त्याला आलेली आहेत. त्याच्या पत्रांपैकी साडेसहाशेच्या आसपास एकट्या थिओला, म्हणजे धाकट्या भावाला, लिहिलेली आहेत. अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने २००९ साली या सर्वांची सटीप आवृत्ती काढली आणि ती मूळ पत्रांच्या छायाचित्रांसह आणि इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवर विनामूल्य ठेवली. त्यामुळे तालुक्याच्या गावी ग्रंथालय लहान असले तरी अडत नाही. पाच-सहा पत्रे निवडावीत, त्यांची झेरॉक्सच्या दुकानातून छापील प्रत काढून घ्यावी आणि महिनाभर तेवढीच वाचावीत. मोबाइलच्या पडद्यावर पत्र सरकत जाते, कागदावर ते थांबते, आणि समासात लिहिण्यासाठी जागाही मिळते. पहिल्या वाचनाच्या वेळी चित्र समोर ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. चित्र समोर असले की नजर शब्दांवरून उठून चित्राकडे जाते, आणि लेखकाने शब्दांत काय केले आहे ते कळेनासे होते.

वाचनाची सुरुवात मायन्यापासून करावी. मायना हा पत्राचा औपचारिक भाग असल्याची आपली समजूत असते, पण आपल्याच परंपरेत एक पत्र मायन्यापाशी अडले होते. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांना चांगदेवांनी पत्र लिहायला घेतले, तेव्हा वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे की ज्ञानाने मोठे म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे हे त्यांना ठरवता येईना, आणि अखेर त्यांनी कोराच कागद पाठवला, अशी कथा आहे. त्या कोऱ्या कागदाला आलेले उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. समोरचा आपला कोण हे ठरल्याशिवाय पत्राची पहिली ओळ लिहिता येत नाही, हे या कथेइतके नेमकेपणे मला दुसरीकडे कुठे आढळलेले नाही. व्हिन्सेंट भावाला कसे संबोधतो, मित्राला कसे, बहिणीला कसे, याची समासात नोंद करावी. शेवटही पाहावा. ‘मनातल्या मनात हस्तांदोलन’ अशा अर्थाचे शब्द त्याच्या पत्रांच्या अखेरीस वारंवार येतात, आणि सही बहुधा केवळ ‘व्हिन्सेंट’ एवढीच असते. आपल्याकडच्या ‘कळावे, लोभ असावा’प्रमाणे हा ठरलेला शब्द आहे. मात्र एखाद्या पत्रात तो लांबतो किंवा गळून पडतो, आणि तिथे थांबून वरचे पत्र पुन्हा वाचले की काहीतरी निसटलेले हाती लागते.

मायन्याइतकेच पत्राच्या भाषेकडे लक्ष द्यावे. व्हिन्सेंटची मातृभाषा डच; दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेल्यानंतर, म्हणजे १८८८ पासून, तो भावाला फ्रेंचमध्ये लिहितो आणि आईला मात्र डचमध्येच लिहितो. मराठवाड्यातल्या वाचकाला याचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. १९४८ पूर्वी निजामाच्या राज्यात शिकलेल्या पिढीच्या अनेक घरांत कचेरीचा कागद उर्दूत आणि घरचा मजकूर मराठीत असे, आणि कोणती गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची हे ठरवण्यातच नाते व्यक्त होत असे. आपण ही पत्रे इंग्रजीतून वाचतो, म्हणजे दोन निरनिराळ्या भाषा एकाच भाषेत उतरलेल्या वाचतो, हे विसरू नये. म्हणून एखाद्या सुट्या शब्दावर मोठा अर्थ उभारण्याचे टाळावे. वाक्यांची मांडणी, विषयांचा क्रम, पुनरुक्ती आणि एका विषयावरून दुसऱ्यावर घेतलेली वळणे यांवर भर द्यावा, कारण भाषांतरात या गोष्टी बऱ्याच अंशी टिकतात.

पैशांचा मजकूर गाळून वाचण्याचा मोह फार होतो. मिळालेल्या नोटेबद्दल आभार, रंगांची आणि कॅनव्हासची मागणी, घरभाडे, जेवणखर्च यांनी ही पत्रे भरलेली आहेत. आमच्या बैठकीतल्या एका सेवानिवृत्त टपाल कर्मचाऱ्याने यावर जे सांगितले ते माझ्या फार उपयोगी पडले. मनीऑर्डरच्या कुपनावर मजकुरासाठी दोन बोटांची जागा असे, आणि औरंगाबादला शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवणारा बाप त्या जागेत जे लिही, त्यातला प्रत्येक शब्द त्या रकमेला चिकटून येत असे, असे ते म्हणाले. थिओचे पैसे येत होते म्हणून व्हिन्सेंट रंगवू शकत होता, आणि बदल्यात चित्रे थिओची होत होती. त्यामुळे एखादे चित्र तो भावाला शब्दांत दाखवतो, तेव्हा त्या वर्णनात ऋणाची जाणीव, ते फेडण्याची ओढ आणि आपले काम व्यर्थ नाही हे पटवून देण्याची धडपड एकत्र आलेली असते. हिशेबाच्या ओळी गाळल्या की या वर्णनांतला ताणच निघून जातो आणि नुसती रंगांची नावे उरतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ३० एप्रिल १८८५ चे नेदरलँड्समधल्या न्यूनेनहून लिहिलेले पत्र. १ मे हा थिओचा वाढदिवस, आणि पत्राची सुरुवात शुभेच्छांनी होते. बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे चित्र त्या दिवसापर्यंत पाठवण्याची इच्छा होती, ते अजून पुरते झालेले नाही, हे लगेच पुढे येते. पुढचा मजकूर या न पोहोचलेल्या भेटीच्या जागी आला आहे, अशा दृष्टीने तो वाचावा. दिव्याच्या उजेडात ताटात हात घालणाऱ्या या माणसांनी त्याच हातांनी जमीन खणली आहे, हे चित्रात जाणवावे, असे तो म्हणतो. आमच्याकडे ज्वारी काढलेल्या हातांनी भाकरी थापतात, त्यामुळे या ओळींपाशी आमच्या बैठकीत कोणालाही अर्थ विचारावा लागला नाही. याच चित्राच्या शिळाछापावर (लिथोग्राफवर) मित्र फान रापार्ड याने त्या वर्षी कठोर टीका केली, तेव्हा तुझे पत्र मिळाले, आश्चर्य वाटले, ते परत पाठवतो आहे, एवढ्याच आशयाचे अगदी त्रोटक उत्तर व्हिन्सेंटने पाठवले. ही दोन पत्रे लागोपाठ वाचावीत. भावापुढे पानेच्या पाने बोलणारा माणूस मित्रापुढे तोंड मिटून घेतो, आणि हे मौनही त्याच्या लेखनाचाच भाग आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र एकच चित्र दोघांना कसे सांगितले आहे, हे पाहण्यासाठी द्यावा. संपादकांनी १६ आणि १७ ऑक्टोबर १८८८ असे दिनांक दिलेल्या दोन पत्रांत व्हिन्सेंटने आपल्या आर्लच्या शयनगृहाच्या चित्राचे वर्णन केले आहे. पहिले पत्र थिओला आहे आणि दुसरे गोगाँ या चित्रकाराला. दोन्हींत त्याने चित्राचे रेखाटनही काढले आहे. दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचावीत. थिओच्या पत्रात आधी थकलेल्या डोळ्यांचा उल्लेख येतो, मग नवी कल्पना सुचल्याचे येते, आणि मग खोलीतल्या वस्तू एकेक करून उतरत जातात: भिंती फिक्या जांभळ्या, फरशी लाल, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी. वाक्ये तुटक आहेत, क्रियापदे गळत जातात आणि प्रत्येक वस्तूला एकच रंग मिळतो. एखाद्या गृहिणीने घर आवरून झाल्यावर कोणती वस्तू कुठे ठेवली ते सांगावे, तशी ही लय आहे, आणि चित्राने डोक्याला विसावा द्यावा हे त्याचे म्हणणे त्या लयीतच उतरले आहे. गोगाँला मात्र तो सेरा या चित्रकाराचे नाव घेऊन सांगतो की या काहीच नसलेल्या खोलीचे चित्र काढताना फार आनंद झाला. ही चित्रकाराने चित्रकाराशी केलेली भाषा आहे. थिओला त्याने लिहिले आहे की चित्रात पांढरा नाही, म्हणून चौकट पांढरी असेल. गोगाँला तो लिहितो की पांढरा आहे तो केवळ काळ्या चौकटीच्या आरशात. यांतले खरे कोणते हे ठरवत बसू नये. चित्र भिंतीवर लागणार आहे ते पाहणाऱ्या भावाला चौकट सांगितली आहे, आणि रंगांचे गणित जाणणाऱ्या सहकाऱ्याला आरसा. पुढच्या काही दिवसांतच, २३ ऑक्टोबरला, गोगाँ त्याच घरी राहायला येणार होता, हे लक्षात घेतले की दुसऱ्या पत्रातला उत्साह अधिक समजतो. दोन्ही वाचून झाल्यावरच चित्र पाहावे. आज त्यातल्या भिंती निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल रंग काळाच्या ओघात उडून गेला आहे. जांभळ्या भिंती शाबूत उरल्या आहेत त्या पत्रात.

छापील संग्रह हा संवादाचा अर्धा भाग असतो, याचेही भान ठेवावे. थिओची पत्रे व्हिन्सेंटने फारशी जपली नाहीत, थिओने मात्र भावाची जपली. थिओ २५ जानेवारी १८९१ रोजी वारला, आणि त्याची विधवा योहाना हिने ती पत्रे सांभाळून, क्रम लावून १९१४ साली तीन खंडांत प्रसिद्ध केली. तिने काही नावे झाकली आणि काही मजकूर वगळला. शिवाय व्हिन्सेंट नंतरच्या वर्षांत पत्रांवर बहुधा तारीख घालत नसे, त्यामुळे आपण वाचतो तो क्रमही पुष्कळसा संशोधकांनी लावलेला आहे. थिओचे उत्तर नसलेल्या जागी आम्ही प्रत्येकी दोन ओळींत ते उत्तर काय असेल ते लिहून पाहतो. हे उत्तर खरे मानायचे नसते, पण ते लिहिताना पुढच्या पत्रातली कोणती वाक्ये उत्तरादाखल आहेत आणि कोणती आपणहून आलेली आहेत, हे वेगळे दिसू लागते.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे प्रत्येक पत्र मृत्यूच्या दिशेने वाचण्याची. व्हिन्सेंट २९ जुलै १८९० रोजी फ्रान्समधल्या ओव्हेर येथे वारला, आणि त्याच्या अंगावर एक न पाठवलेले पत्र सापडले. कामासाठी मी माझा जीव पणाला लावला आहे, माझी बुद्धी त्यात अर्धी बुडाली आहे, अशा आशयाच्या त्यातल्या ओळी प्रसिद्ध आहेत, आणि त्यालाच शेवटचे पत्र मानण्याची चूक अनेकदा होते. प्रत्यक्षात तो २३ जुलैला पाठवलेल्या पत्राचा कच्चा मसुदा आहे. दोन्हींची सुरुवात जवळजवळ एकच आहे: पत्राबद्दल आणि त्यासोबत आलेल्या पन्नास फ्रँकच्या नोटेबद्दल आभार. त्यानंतर मसुदा खोल उतरतो, तर पाठवलेल्या पत्रात ते वाक्य नाही. त्यात चालू कामाच्या गोष्टी आहेत, चित्रांची रेखाटने आहेत आणि रंगांची मागणी आहे. दोन्ही पत्रे समोर ठेवून मसुद्यातल्या कोणत्या ओळी गळल्या ते पेन्सिलीने खुणावावे. भावाच्या मनावर किती भार टाकायचा याचा निर्णय त्या गळलेल्या ओळींत आहे, आणि असा निर्णय घेणारा माणूस लेखक असतो.

हीच पद्धत आपल्या मुलखाशी जोडलेल्या दुसऱ्या पत्रांनाही लावता येते. चित्रकार अमृता शेरगिल यांनी १९३६ च्या अखेरीस वेरूळ आणि अजिंठा पाहिले आणि आई-वडिलांना त्याविषयी लिहिले. वेरूळ भव्य वाटले, अजिंठा सूक्ष्म आणि मोहवणारा वाटला, आणि भारतात परतल्यापासून प्रथमच दुसऱ्या कोणाच्या कामातून काही शिकले, असे त्यांनी कळवले आहे. ही वाक्ये लहान आहेत आणि कसलेही स्पष्टीकरण मागत नाहीत, कारण ती घरी लिहिलेली आहेत. आपली पत्रे घरात चाळली जाऊन जाळली जाणार आहेत हे कळल्यावर बसलेला धक्काही त्यांनी पत्रातूनच कळवला होता, तेही पत्र मिळवून वाचावे. मराठवाड्यातल्या वाचकाला इथे एक सोय आहे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीस किलोमीटरच्या आसपास आणि अजिंठा शंभरेक किलोमीटरवर आहे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, एवढे पाहून दोन दिवस काढावेत. जाण्यापूर्वी अमृता शेरगिल यांचे पत्र वाचू नये. परत आल्यावर त्याच रात्री, आपल्या एखाद्या खऱ्या माणसाला, मायना घालून, एका पानात अजिंठ्याविषयी पत्र लिहावे. ते टपालात टाकावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे पत्र उघडावे.