नाव सापडतं, पण सुचत नाही

हेल्पडेस्कवर माझा तिसराच आठवडा होता. तक्रार आली की मेल लिहिताना ‘टू’मध्ये दोन-तीन अक्षरं टाकली की पूर्वी पत्ते सुचायचे, आता काहीच येत नाही. मेलसाठी थंडरबर्ड, पत्ते ऑफिसच्या एलडॅप सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचे पत्ते एका जागी ठेवणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरवर.

मी थेट सर्व्हरच्या सेटिंगमध्येच घुसलो. पोर्ट 389 (साधी जोडणी) होता तो 636 (एसएसएलची, म्हणजे सुरक्षित जोडणी) केला, एसएसएलवर टिक केली, मग काढली, बेस डीएन (डिरेक्टरीत शोध कुठून सुरू करायचा तो पत्ता) पुसून पुन्हा टाइप केला. पाऊण तासाने मूळ सेटिंग काय होती तेच आठवेना. (आता आधी स्क्रीनशॉट, मग माउस.)

शेवटी सीनियर मॅडम आल्या. म्हणाल्या, “ॲड्रेस बुक उघडून त्यात नाव शोधलंस का?”

नव्हतं शोधलं. शेजारच्या मशीनवरची सेटिंग बघून जुन्या नोंदी परत टाकल्या आणि ॲड्रेस बुकमध्ये शोधलं, तर नाव लगेच हजर! म्हणजे नेटवर्क, पोर्ट, बेस डीएन, लॉगिन सगळं ठणठणीत होतं. अडलं होतं ते फक्त सुचवण्याचं काम, आणि त्याची सेटिंग वेगळ्याच जागी असते. कंपोझिशनच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये डिरेक्टरी सर्व्हर नीट निवडलेला होता. पण प्रत्येक अकाउंटला ‘कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग’ असं स्वतःचं पान असतं. तिथे कुणीतरी ‘वेगळा एलडॅप सर्व्हर’ निवडून पुढे ‘नन’, म्हणजे कुठलाच नाही, असं ठेवलं होतं. अकाउंटची सेटिंग सर्वसाधारण सेटिंगला मागे सारते. तिथे पुन्हा ग्लोबल, म्हणजे सर्वसाधारण सेटिंग वापरण्याचा पर्याय निवडला आणि पत्ते सुचायला लागले.

ॲड्रेस बुकमध्येही नाव सापडत नसेल, तेव्हा मात्र सर्व्हरकडे वळायचं. त्याच मशीनवरून ‘एलडॅपसर्च’ ही सर्व्हरवर थेट शोध घेणारी कमांड चालवून बघा आणि एरर कोड वाचा. 49 म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकीचा. 32 आला तर बहुतेक वेळा बेस डीएनमध्येच चूक असते, एखादं स्पेलिंग किंवा ‘ओयू’चं (डिरेक्टरीतल्या विभागाचं) बदललेलं नाव. 4 म्हणजे निकाल मर्यादेबाहेर गेले. ओपनएलडॅप या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा मुळात 500 असते, तेव्हा जास्त अक्षरं टाकून शोधा. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एरर नाही आणि नावंही नाहीत. तेव्हा स्कोप, म्हणजे शोध किती खोल जातो ते बघा. ‘वन लेव्हल’ असेल तर बेसच्या लगेच खालचीच पातळी शोधली जाते, आतल्या विभागांतली माणसं गायब. ‘सबट्री’ करा, म्हणजे खालच्या सगळ्या पातळ्या शोधल्या जातील.

636 वर होस्टनेमच्या (सर्व्हरच्या नावाच्या) जागी आयपी, म्हणजे त्याचा आकडी पत्ता टाकला असेल तर सहसा सर्टिफिकेटवरचं (सर्व्हरच्या ओळखपत्रावरचं) नाव जुळत नाही आणि जोडणीच होत नाही. हे मी नंतर, दुसऱ्या एका तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) शिकलो.

त्या दिवशी तिकीट बंद करताना मी ‘सर्व्हरची अडचण’ असा शेरा लिहिला होता. मॅडमनी तो खोडायला लावला आणि मेनूचा पूर्ण मार्ग लिहून घेतला.