जुन्या फोनवर नवी सिस्टीम चढेल का?

हे फोनच्या ताकदीपेक्षा कंपनीच्या मर्जीवर जास्त ठरतं. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ मधलं आयओएस १५ मिळालं. त्या काळातले बहुतेक अँड्रॉइड फोन मात्र दोनेक आवृत्त्यांतच अडकले. आधी सेटिंग्जमध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट' तपासा. काहीच दिसत नसेल तर सिक्युरिटी पॅचची (म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची) तारीख बघा. ती वर्षाहून जुनी असेल, तर अधिकृत वाट बहुधा संपली.

मग अँड्रॉइडवाल्यांसाठी उरतं लिनेजओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच आधारलेली, कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली मोफत सिस्टीम. पण तुमचं नेमकं मॉडेल त्यांच्या यादीत हवं, जवळपासचं चालत नाही. ती चढवायला आधी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून बॅकअप आधी. शिवाय काही बँकिंग अ‍ॅप नंतर रुसून बसतात. एकुलता एक फोन असेल, तर मी तरी हा खेळ करणार नाही.