संयुग की मिश्रण? दिसण्यावर न जाता ओळखायचं कसं

आठवी-नववीची मुलं विज्ञानात सोपे मार्क घालवतात ते बऱ्याचदा इथे, कारण डोक्यात बसलेलं असतं की एकजीव दिसलं म्हणजे संयुग आणि वेगवेगळं दिसलं म्हणजे मिश्रण. मिठाचं पाणी अगदी नितळ दिसतं, पितळेच्या हंड्यात तांबं कुठे नि जस्त कुठे ते भिंग लावूनही कळत नाही, तरी दोन्ही मिश्रणंच आहेत. मूलद्रव्यं रासायनिकरीत्या जोडली जाऊन नवीन पदार्थ बनला तर ते संयुग, पदार्थ नुसते एकत्र मिसळले तर मिश्रण. म्हणून दिसणं आधी बाजूला ठेवा आणि पुढचे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, प्रमाण बदलता येतं का? पाण्यात मीठ एक चमचा घाला नाहीतर तीन घाला, मिठाचं पाणीच राहणार. पितळ 70-30 चं असतं तसं 60-40 चंही असतं. पण 18 ग्रॅम शुद्ध पाण्यात 2 ग्रॅम हायड्रोजन आणि 16 ग्रॅम ऑक्सिजन, मग ते वैतरणा नदीचं पाणी शुद्ध करून घेतलेलं असो की लॅबमध्ये तयार केलेलं, 1:8 हे वजनाचं प्रमाण हलत नाही. झोसेफ प्रूस्त या फ्रेंच केमिस्टने 1799 च्या सुमारास हेच मांडलं, त्यालाच आपण स्थिर प्रमाणाचा नियम म्हणतो. म्हणूनच संयुगाला एक रेणुसूत्र (जसं पाण्याचं H₂O) लिहिता येतं, मिश्रणाला नाही, आणि पेपरात घाई असेल तर ही सगळ्यात पटकन होणारी तपासणी.

दुसरा प्रश्न, घटकांचे स्वतःचे गुण शिल्लक आहेत का? याला लोहकीस आणि गंधकाच्या प्रयोगाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. 7 ग्रॅम लोहकीस आणि 4 ग्रॅम गंधक नुसतं एकत्र केलं तर लोहचुंबक फिरवून लोखंड परत काढता येतं, म्हणजे मिश्रण. तेच परीक्षानळीत चांगलं तापवलं की मधेच लालभडक होतं आणि मग बर्नर काढला तरी आतल्या आत तापत राहतं, आणि हाती येतं काळं फेरस सल्फाईड, जे आता चुंबकाकडे ओढलं जात नाही. आता सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, आधीच्या मिश्रणातून हायड्रोजन निघेल ज्याला वास नाही, आणि या काळ्या पदार्थातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड. तो विषारी असतो, त्यामुळे हा प्रयोग शाळेच्या लॅबमध्ये, सर किंवा मॅडम समोर असताना, खिडक्या उघड्या ठेवूनच करायचा, घरी अजिबात नाही. आणि लोखंड जास्त पडलं असेल तर उरलेलं लोखंड चुंबकाला चिकटतंच, तेव्हा प्रयोग फसला असं समजू नका, वजन नीट करून परत करा.

तिसरा प्रश्न, वेगळं करायला काय करावं लागतं? मुंबईत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने मुलुंड-भांडुपकडे जाताना मिठागरं दिसतात ती मुलांना मुद्दाम दाखवा. खाडीचं पाणी उथळ वाफ्यात घेतलं, उन्हाने पाणी उडालं, मीठ राहिलं, म्हणजे मिश्रणातले घटक नुसत्या बाष्पीभवनाने सुटे झाले. पण त्या मिठातून सोडियम आणि क्लोरीन सुटे करायला कितीही ऊन पुरणार नाही, मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळवून त्यातून वीज सोडावी लागते. आणि निघतं काय, तर पाण्यात पडला की पेट घेणारा सोडियम आणि विषारी क्लोरीन वायू, आपण रोज आमटीत घालतो त्या मिठात या दोघांचाही गुण उरलेला नसतो, मला तर हे आजही थक्क करतं.

घरी करायचंच असेल तर काळ्या स्केचपेनचा करा. फिल्टर पेपरच्या पट्टीवर खालून दोन बोटं वर ठिपका द्या, पट्टीचं टोक पाण्यात बुडवा पण ठिपका बुडू देऊ नका, थोड्या वेळात काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग वर चढताना दिसतात, म्हणजे ती काळी शाई मिश्रण आहे. परमनंट मार्कर घेऊ नका, त्याची शाई पाण्यात विरघळत नाही.

उत्कलनबिंदूची तपासणीही चालते, मुंबई समुद्रसपाटीलाच असल्याने शुद्ध पाणी साधारण 100 अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं, मिठाचं पाणी मात्र थोडं वर उकळायला लागतं आणि आटत जाईल तसा आकडा चढत राहतो. लॅबचाच थर्मामीटर वापरा, तापाचा उकळत्या पाण्यात घातला तर फुटेल. पण हीच एक तपासणी धरून बसू नका, वजनाने 95.6 टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी हे मिश्रण असूनही एकाच तापमानाला उकळतं.

गरम झालं म्हणजे संयुग झालं हेही खरं नाही. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की खदखदतं आणि तिथे खरंच नवीन संयुग बनतं, पण धुण्याची पावडर ओल्या हातावर घेतली तरी हात कोमट लागतो.

आता जिथे मुलं हमखास अडकतात ते. खायचा सोडा संयुग, बेकिंग पावडर मिश्रण, कारण तिच्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल आणि स्टार्च असतो. साखर संयुग, पाक मिश्रण. हवा मिश्रण, तिच्यातला ऑक्सिजन मूलद्रव्य, त्याच्या रेणूत दोन अणू आहेत म्हणून तो संयुग होत नाही, कारण दोन्ही अणू एकाच जातीचे आहेत. आणि नळाचं पाणी विचारलं तर सरळ मिश्रण लिहा, त्यात क्षार, विरघळलेली हवा आणि थोडा क्लोरीनही असतो, फक्त प्रश्नात ‘शुद्ध पाणी’ किंवा ‘ऊर्ध्वपातित पाणी’ (वाफ करून परत थंड केलेलं) असेल तरच संयुग.