बेळगाव ते वेंगुर्ला: रात्रीची सायकलस्वारी

शिनोळी, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता, सुमारे सव्वाशे किलोमीटर. दिवाळीनंतरची पौर्णिमा गाठा. रात्री 11 ला निघालात तर पहाटे आंबोलीला पोचाल. तिथे उजाडेपर्यंत थांबाच. घाट अंधारात उतरायचा नाही, धुक्यात तर मुळीच नाही.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, ट्यूब फुटते. दोन्ही ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ब्रेकपॅड आदल्या आठवड्यातच बदला.

मागचा लाल दिवा स्थिर ठेवा, लुकलुकता दिवा मागच्याचे डोळे दिपवतो. प्रत्येकी दोन ट्यूब, पंप, दोन लिटर पाणी, शेंगदाण्याची चिक्की. गटाच्या शेवटी अनुभवी माणूस ठेवा. त्याच्यामागे कुणीही राहायचं नाही. परतीचा टेम्पो आधीच ठरवा.