वळीव यायच्या आधी सोलर पंपाचे बोल्ट आवळा, बाकी सगळं नंतर

राम राम मंडळी. मे चा दुसरा आठवडा लागलाय, दुपारी वारा पडतो, अंगाची नुसती काहिली होते आणि चारच्या सुमारास मावळतीला ढग चढायला लागतात. वारा असा एकदम पडला की माझा अंदाज दोन तासांचा, मोबाईलवरचं हवामान काहीही सांगो. म्हणून हे वाचून झालं की घरातला १२-१३ चा आणि १८-१९ चा पाना, एलन की घ्या आणि थेट पॅनलपाशी जा.

मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणाचं तरी स्ट्रक्चर झोपतं. २०१९ ला केंद्राची सौर पंपाची कुसुम योजना आली, २०२४ पासून राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली, दहा टक्के भरा (एससी एसटी असाल तर पाचच), बाकी सरकार बघतंय. चांगलंच आहे, रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं बंद झालं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पंप बसवून फोटो काढून माणसं गेली, आणि ह्याला वर्षातून दोनदा पाना लावायचा असतो हे कोणी सांगितलंच नाही. ट्रॅक्टरचं ऑइल आपण न सांगता बदलतो, मग ह्याला का विसरतो देव जाणे.

मागच्या वळवाची गोष्ट. आमच्या शिवेवरचे दाजी, पाच एचपीचा पंप, खाली मोसंबी, झाडावर आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) मोसंबीची फळं लिंबाएवढी झालेली. संध्याकाळी वीस मिनिटं वारं सुटलं, पाऊस तर चार थेंब. सकाळी जाऊन बघतो तर एका बाजूचे क्लॅम्प (पॅनल धरणाऱ्या पकडी) सरकलेले, दोन पॅनल उलटून बांधावर पडलेले, काच आहे तिथेच पण सगळी कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली. जे पॅनल जागेवर होते त्यांचे बोल्ट मी हातानं फिरवून बघितले, पाना न लावता फिरले! बसवल्यापासून तिकडं कोणी बघितलंच नव्हतं. कंपनीचा माणूस आज येतो उद्या येतो करत चौथ्या आठवड्यात आला, तोपर्यंत टँकरनं किती पाणी घालणार, फळांचा नुसता सडा पडला झाडाखाली. वादळानं नेले दोन पॅनल, पण बाग गेली ती पाण्यावाचून, हे नीट लक्षात घ्या.

बोल्ट ढिले का होतात तर दिवसभर लोखंड तापतं, रात्री गार होतं, वारा रोज थोडं थोडं हलवतो. आणि आपल्या काळ्या भारी जमिनीत अजून एक भानगड आहे, मे मध्ये जमिनीला हात हात भेगा पडतात आणि माती फाउंडेशनच्या काँक्रीटपासून सुटते. खांबाला तळहातानं जोरात धक्का द्या आणि बुडाशी बघा, माती आणि काँक्रीटमध्ये फट उघडझाप करते का. करत असेल तर तिथं मुरूम भरून पहारीनं ठोकून घट्ट करा. पाणी ओतून माती बसवत बसू नका, वाळली की परत फाटते. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या फटीत शिरलं की खांब कलतो.

आवळताना आधी खांबाचे आणि आडव्या चॅनलचे बोल्ट घ्या, मग पॅनलचे क्लॅम्प. क्लॅम्प आवळताना पान्याला पाइप लावून जोर करू नका, फ्रेम ॲल्युमिनियमची असते, वाकते आणि काच जाते. गंजलेला बोल्ट बदला, स्प्रिंग वॉशर नसेल तर टाका, पाच-दहा रुपयांचं काम आहे. आवळून झालं की बोल्टवरून चॅनलपर्यंत ऑइल पेंटची एक रेघ ओढा (मी पोरीची नेलपॉलिश वापरली, बोलणी खाल्ली), पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की समजायचं ढिला झालाय. वायरला मात्र हात लावायचा नाही, उन्हात पॅनलच्या ओळीला शेकड्यांत व्होल्ट असतात.

ज्यांच्या स्ट्रक्चरला अँगल बदलायची सोय आहे त्यांनी आत्ता पॅनल जितकं आडवं होतंय तितकं करा. आपल्या मराठवाड्यात मे च्या मध्यापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, त्यामुळे आडव्या पॅनलला ऊनही जास्त मिळतं आणि वारं खालून कमी धरतं. पिन परत घालायला विसरू नका, गेल्या साली एकानं अँगल बदलला आणि पिन कंट्रोलरच्या डब्यावर ठेवून घरी आला. गारांच्या भीतीनं ताडपत्री बांधायच्या तर फंदातच पडू नका, तिचं शीड होतं आणि सगळं घेऊन जातं.

अर्थिंगचा खड्डा मे मध्ये कोरडाठाक असतो, त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. विजा ह्या महिन्यातही पडतात.

आता दुकानदारांबद्दल. सध्या एकेक जण पॅनल क्लीनरचं लिक्विड, वीज पडू नये म्हणून किट, वार्षिक मेंटेनन्सचं पॅकेज घेऊन फिरतायत. योजनेच्या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे, त्यात पैसे कशाचे? धूळ साध्या पाण्यानं आणि सुती फडक्यानं जाते, सकाळी काच गार असताना पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर लगेच कोरडं पुसा, नाहीतर पांढरा थर बसतो. आणि अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात हे योजनेचं माप आहे, "अजून दोन पॅनल जोडून देतो, पाणी डबल" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा, उद्या हमीवर बोट ठेवतील.

सौर वाहिनी योजनेतल्या फिडरवर (सोलर प्रकल्पाची वीज शेतीला देणारी लाईन) ज्यांना दिवसा लाईट मिळते त्यांना ही पॅनलची कटकट नाही, पण पोल आणि तारा वळवात तिथंही पडतातच, तेव्हा बागेपुरतं पाणी शेततळ्यात राखून ठेवा.

बाकीची कामं नेहमीचीच:
– नांगरट उरकणे, काडीकचरा वेचणे
– घरचं सोयाबीन १०० दाणे ओल्या पोत्यात, ७० च्या वर उगवले तरच बियाणं
– सोयाबीनला बीजप्रक्रिया थायरम (बुरशीनाशक) ३ ग्रॅम प्रति किलो, नंतर पेरणीच्या आधी रायझोबियम (जिवाणू खत) २५ ग्रॅम प्रति किलो
– कापूस १ जूनच्या आधी नको, बोंडअळीला आयतं घर मिळतं
– पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच

आणि एवढं करूनही पडलंच तर आधी कंट्रोलरचा स्विच बंद करा. फुटलेलं पॅनलसुद्धा उन्हात करंट देतं, त्यामुळे पोरं, जनावरं लांब ठेवा. काही न हलवता चारी बाजूनं फोटो काढा, कंपनीला आणि महावितरणला दोन्हीकडं तक्रार करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या, नुसतं "सांगितलंय त्याला फोनवर" चालत नाही. पाटीवरचा कंपनीचा फोन आणि पंपाचा नंबर उन्हानं उडत चाललेत बहुतेकांचे, दिसतायत तोवर आजच मार्करनं कंट्रोलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.