थंड इंजिन सुरू होत नाही? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

छोटं पेट्रोल इंजिन थंड असताना दोरीला दाद देत नाही आणि एकदा तापलं की पहिल्याच ओढीत सुरू होतं, ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. बहुतेक वेळा इंजिन येतं तेच अर्धं खोललेलं. याचा मला खरोखर त्रास होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शिळं पेट्रोल. थंड इंजिन पेटतं ते पेट्रोलमधल्या लवकर उडणाऱ्या भागावर, आणि टाकीत महिनोन्महिने पडलेल्या पेट्रोलमधून नेमका तोच भाग आधी उडून जातो. उरलेलं गरम इंजिनात कसंबसं जळतं, थंड इंजिनात पेटत नाही. एकाने असाच पाण्याचा पंप आणला होता. टाकीत मागच्या हंगामातलं पेट्रोल. ते बदलायचं सोडून त्याने प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, शेवटी कार्बोरेटर खोलून पायलट जेटमध्ये, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, लोखंडी तार फिरवली. मी टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी केली, ताजं पेट्रोल भरलं, तिसऱ्या ओढीत पंप सुरू! पण आयडलवर, म्हणजे रेस न देता मंद चालताना, काळा धूर, आणि प्लग लगेच काजळला. जेटचं भोक केसाएवढं, पितळ मऊ. तारेने मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही. जेट नवा घालावा लागला. मूळ दुखणं फक्त पेट्रोलचं होतं.

जेट मी क्लीनर आणि हवेच्या झोतानेच साफ करतो. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो.

दुसरी चूक चोकची, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा अडवणाऱ्या झडपेची. ‘चोक दिला होता’ म्हणजे लिव्हर हलवला होता. फिल्टर काढून बघा, चोक दिल्यावर आतली पाकळी पूर्ण मिटते का? आणि इंजिनाने एकदा ‘फट’ केलं की चोक अर्धा उघडा. तसंच ओढत राहिलात तर इंजिन ओव्हर होतं, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचून प्लग भिजतो. मग मोकळ्या हवेत, स्विच बंद ठेवून प्लग काढा, चोक उघडा, रेस पूर्ण द्या, आठ-दहा वेळा दोरी ओढा आणि प्लग पुसून बसवा.

सहा ओढींनंतर प्लग काढून बघायची सवय लावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर ओव्हर झालंय किंवा करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, नाही. करंट बघताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, आतून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेते.

प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, बहुतेक छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांत 0.7 ते 0.8 मिमी. अंदाजाने ठोकू नका, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरा.

स्टार्टिंग स्प्रे मी टू-स्ट्रोकवर मारत नाही. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, स्प्रेमध्ये तेवढं नसतं, पिस्टन कोरडा फिरतो. घाई असलेल्यांनाच तो आवडतो.

जनरेटर असेल तर आधी ऑइल बघा. ऑइल कमी असलं की बऱ्याच जनरेटरांचा सेन्सर करंटच तोडतो, आणि माणूस तासभर दोरी ओढत बसतो.